मोत्याआधी शिंपला

बारामती,
वैशाख

चि. बाळ्यास,


तुझं पत्र मिळालं. शेततळ्यात मोती पिकवायचे म्हणतोस. एक कंपनी शिंपले देणार, चार दिवस शिकवणार आणि वर्षा-दीड वर्षाने मोतीही तीच विकत घेणार. दादाला हे पटत नाही, आणि वहिनीने तुला माझ्याकडे ढकललं, कारण मी जन्मभर कॉलेजात मृदुकाय प्राणी शिकवले. मोत्याचा बाजार मला फारसा कळत नाही. शिंपला कळतो. डाळिंब लावताना मुळी कुठवर जाते, फूल कोणत्या फांदीला येतं, बहार कधी धरायचा, हे तू दहा जणांना विचारलं होतंस. या पत्रात शिंपल्याबद्दल मात्र एकही प्रश्न नाही, सगळे प्रश्न मोत्याचे आहेत. म्हणून उत्तर लांबणार आहे. सावलीत बसून वाच.

आधी एक काम कर. उजनी धरणाचं पाणी आता खाली गेलं असेल. पळसदेवाच्या जुन्या देवळाच्या बाजूला जिथे फुगवट्याची जमीन उघडी पडते, तिथे चिखलाच्या कडेकडेने चाल आणि रिकामे शिंपले वेच. लांबट, पातळसर, तपकिरी-हिरवट असेल तो लॅमेलिडेन्स. मोत्यासाठी आपल्या देशात मुख्यतः हाच वापरतात. त्याहून लहान, जाड, फुगीर आणि टोकाजवळ नागमोडी सुरकुत्या असतील तर तो पॅरेशिया. दोन्ही झाकणं एकमेकांना चिकटलेली असतील असे निवडून घे.

आता एक शिंपला हातात धर. वरची तपकिरी साल चुन्याची नाही, प्रथिनाची आहे. पाण्यातल्या आम्लापासून ती खालच्या चुन्याला राखते. बिजागरीजवळ, जिथे शिंपला सगळ्यात फुगीर असतो, तिथे ही साल बहुधा झिजलेली दिसेल. तो भाग सगळ्यात जुना. पिल्लू असताना शिंपला तेवढाच होता, पुढे कडेकडेने वाढत गेला. सालीखाली उभ्या स्फटिकांचा थर आणि सगळ्यात आत तो चमकणारा थर. या चमकेत रंग नावाची वस्तूच नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ अशा चुन्याच्या चपट्या वड्या एकीवर एक रचलेल्या असतात, मधे प्रथिनाचा लेप. उजेड या थराथरांवरून परत फिरतो आणि त्याच्या लाटा एकमेकींत मिसळून गुलाबी, हिरवट, निळसर दिसतात. मोती म्हणजे हाच थर, गोल झालेला.

हे सगळं बांधतो कोण? दोन्ही झाकणांना आतून लागून मांसाची एक पातळ घडी असते. पुस्तकात तिला प्रावार म्हणतात. शिंपल्याचा गवंडी तोच. त्याची कडा बाहेरची साल घालते, कडेलगतचा पट्टा मधला थर घालतो, आणि उरलेला सगळा पृष्ठभाग आतून चमकीचा हात फिरवत राहतो, प्राणी जिवंत असेपर्यंत. पाण्यातून आणि खाण्यातून आलेलं कॅल्शियम रक्तात, रक्तातून प्रावारात, प्रावारातून भिंतीत. तू ज्या मोत्याची शेती करणार आहेस, ती खरं तर या पापुद्र्याची शेती आहे. तो फाटला, उपाशी राहिला, विषारी पाण्याने आखडला, की संपलं.

शंख-शिंपल्याला आपण घर म्हणतो. मुलांना सांगायला ठीक आहे, शेती करणाऱ्याने तसं समजू नये. घरातून बाहेर पडता येतं. गोगलगाईला शंखातून ओढून काढलं तर ती मरते, कारण शंख तिच्या अंगाचाच भाग आहे, मधल्या खांबाला स्नायूने पक्का बांधलेला. भिगवणच्या पाणथळीवर लोक रोहित पक्षी पाहायला जातात. तू गेलास तर मुग्धबलाक पाहा, चोच मिटली तरी मधे फट राहते तो करकोचा. तो शंख फोडत बसत नाही. चोचीचं टोक झाकणापलीकडे सरकवतो, नेमका तो स्नायू तोडतो आणि मांस अख्खं बाहेर काढतो. शंख शाबूत राहतो. माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांपेक्षा त्याला शरीररचना जास्त येते.

मोती कसा होतो याच्या दोन कथा तुला माहीत असतील. स्वाती नक्षत्राच्या पावसाचा थेंब, आणि वाळूचा कण. दुसरी शास्त्रीय वाटते म्हणून लोक तिच्यावर विश्वास ठेवतात, पण शिंपला जन्मभर गाळातच राहतो. वाळूच्या कणाकणाला मोती झाला असता तर उजनीचा काठ मोत्यांनी भरला असता. कण आत आला की तो चिकट द्रावात गुंडाळून बाहेर टाकतो. मोती होतो तो प्रावाराच्या पेशी आपली जागा सोडून आत मांसात गेल्या तर, एखाद्या जखमेने किंवा परजीवी अळीबरोबर. तिथेही त्यांना एकच काम येतं. त्या पिशवी करून राहतात आणि पिशवीत थरावर थर घालत बसतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपानी लोकांनी हे नेमकं हेरलं. नुसता मणी आत ठेवून भागत नाही, त्याच्याबरोबर दुसऱ्या शिंपल्याच्या प्रावाराचा बारीक तुकडा ठेवला तर गोल मोती होतो. म्हणजे एका शिंपल्यातून मोती घ्यायला दुसरा मारावा लागतो. हे तुला त्या माहितीपत्रकात सापडणार नाही.

कंपनीने तुला दाखवलेले गणपतीच्या आकाराचे मोती वेगळे. त्यात साचा झाकण आणि प्रावार यांच्या मधे सरकवतात, आणि प्रावार भिंतीबरोबर साच्यावरही लेप चढवतो. नवीन काही नाही. चीनमध्ये तेराव्या शतकापासून बुद्धाच्या लहान मूर्ती अशाच शिंपल्यात ठेवत आले आहेत. वनस्पती-प्राण्यांना दोन शब्दांची नावं देणारा लिनियस, त्यानेही अठराव्या शतकात स्वीडनच्या नदीतल्या शिंपल्यांत गोल मोती पिकवून दाखवले आणि ती युक्ती विकली. युक्ती जुनीच आहे, जीव कसा टिकवायचा हा प्रश्नही तितकाच जुना.

शस्त्रक्रिया शिकवतील तेव्हा हे लक्षात ठेव. शिंपला उघडतो तो बिजागरीवरच्या लवचीक पट्ट्याच्या ताणाने, आणि मिटतो दोन टोकांच्या दोन स्नायूंच्या जोराने. उघडं राहणं ही विश्रांती, मिटून राहणं हे श्रम. म्हणून मेलेला शिंपला आ वासतो. हात लावूनही मिटला नाही तर तो त्याच दिवशी बाहेर काढ, नाहीतर शेजारचे कुजतील. आणि फट पाडताना जेमतेम सेंटिमीटरभर. जोर केलास तर ते दोन स्नायू फाटतात, मग आत कितीही सुबक साचा ठेव. चार दिवसांत हाताला ही सवय होत नाही. मी विच्छेदन शिकवायचे तेव्हा पहिला महिनाभर मुलं जीवच कापायची, अवयव नव्हे.

आत काय दिसतं ते एकदा नीट बघून ठेव. दोन्ही बाजूंना पडद्यांसारखे कल्ले, मधे पाचरीच्या आकाराचा पाय, मागच्या टोकाला पाणी आत घ्यायची आणि बाहेर टाकायची दोन तोंडं. हृदयाच्या मधून आतडं आरपार जातं, पुस्तकात वाचून पटत नाही, पाहिल्यावर पटतं. आणि डोकं? ते नाहीच. डोळे नाहीत, जीभ नाही. त्याच्या फार जुन्या पूर्वजाला डोकं होतं, आणि खडकावरचं शेवाळ खरवडणारी दातेरी पट्टीही होती. गोगलगाईकडे ती आजही आहे, पपईच्या पानावर चर दिसतात ते तिचेच. शिंपल्याच्या घराण्याने पन्नास कोटींहून जास्त वर्षांपूर्वी, कँब्रियन काळातच, दोन झाकणांत मिटून गाळात बसायचं ठरवलं. पाणी गाळून खायचं तर खरवडणारी जीभ कशाला, आणि तिच्यासाठी डोकं तरी कशाला! उत्क्रांती म्हणजे काहीतरी वाढत जाणं असं लोक समजतात. शिंपल्याने टाकून टाकून यश मिळवलं. गोगलगाय उलट वळली. पिल्लू असतानाच तिचं धड डोक्यावर अर्धा वळसा घेतं आणि गुदद्वार डोक्याच्या वर येतं. हे वळण वेगळं आणि शंखाचे वेढे वेगळे, परीक्षेत दर वर्षी अर्धा वर्ग इथे घसरायचा.

डोकं नसलेला प्राणी तू दोरीला टांगून पाण्यात सोडणार आहेस. पाणी तापलं म्हणून तो खोल जाऊ शकणार नाही, विष आलं म्हणून पळू शकणार नाही. फार तर मिटून बसेल. तेव्हा त्याचं डोकं तुलाच व्हावं लागणार.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं तर लेखणी उचलली ती. हे प्राणी मुळात समुद्रातले. आपल्या शिंपल्याचं सगळ्यात जवळचं सागरी घराणं ट्रायगोनियाचं. कच्छच्या ज्युरासिक खडकांत त्याचे जीवाश्म भरपूर सापडतात, आणि आज त्यातली एकच प्रजाती (जीनस) ऑस्ट्रेलियाच्या समुद्रात उरली आहे. बाकीचे संपले आणि नदीत शिरलेली ही शाखा जगली. आपल्या विहिरीत खाली लागतो तो काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्ह्याच्या दोन लोटांमधल्या शांत काळात तळी साचली, आणि त्या तळ्यांतही शिंपले होते. नागपूरजवळच्या टाकळीचे असे थर स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने धुंडाळले आणि १८६० साली त्यातल्या शंख-शिंपल्यांची वर्णनं लंडनमध्ये छापून आणली. त्यात फायसा नावाची एक गोगलगाय आहे. टोक वर धरलं तर तिचं तोंड डावीकडे उघडतं, बहुतेक शंखांच्या उलट. (इंदापूरच्या बाजूला कातळ फोडून ती शोधत बसू नकोस. असे थर पूर्वेकडे, विदर्भात आहेत.) सह्याद्रीत तर याहून गमतीची गोष्ट आहे. धबधब्यांच्या ओल्या कड्यांवर क्रेम्नोकॉन्कस नावाची बारीक गोगलगाय राहते. तिचं सगळं गोत समुद्रकाठच्या खडकांवर, आणि ही एकटी गोड्या पाण्यात, घाटमाथ्यावर.

समुद्रातून नदीत यायचं तर सगळ्यात मोठी अडचण पिल्लांची. समुद्रातल्या शंख-शिंपल्यांची बहुतेक पिल्लं आठवडेच्या आठवडे पाण्यावर तरंगतात. नीरेला पूर आला की असं पिल्लू नरसिंगपूरच्या संगमावरून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात. एका पिढीत नदी रिकामी. म्हणून नदीत टिकलेल्या प्रत्येकाने काही ना काही तोड काढली. पायला ही मोठी गोल गोगलगाय अंडी पाण्याबाहेर, काठच्या ओल्या मातीत घालते. बेलामिया अंडी घालतच नाही, शंखासकट तयार पिल्लं जन्माला घालते. एक मोठी बेलामिया उघडून पाहिलीस तर आत मोहरीएवढे शंख दिसतील.

शिंपल्याची तोड सगळ्यात धाडसी. मादी अंडी आपल्या कल्ल्यांत वाढवते. त्यातून दोन चिमुकल्या झाकणांची अळी निघते, ग्लोकिडियम, आणि ती जवळून जाणाऱ्या माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिकटते. माशाची कातडी तिच्याभोवती वाढते. काही दिवस किंवा आठवडे ती तिथे राहते, रूप बदलते आणि मग गळून गाळात पडते. मासा प्रवाहाविरुद्ध पोहतो, म्हणजे शिंपल्याचं पोरही वर जातं. स्वतः वीतभर सरकायला ज्याला घटका लागते, त्याने नदीवर ताबा मिळवला तो माशाच्या पाठीवर बसून. पण यासाठी मासा चालेल तोच लागतो. काही शिंपल्यांना अनेक जातींचे मासे चालतात, काहींना मोजकेच, आणि न चालणाऱ्या माशाच्या अंगावरून अळी झडून जाते.

याचा तुझ्याशी संबंध असा. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्यात तू मोठे शिंपले टांगलेस तर ते मोती देतील कदाचित, पोरं देणार नाहीत. गळून पडायला गाळ नाही, बसायला मासा नाही. दर वर्षी नवे शिंपले विकत घ्यावे लागणार, आणि ते कुठून येणार? कुठल्यातरी नदीतून, कुठल्यातरी तळ्यातून उपसून. म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचार की हे शिंपले तुम्ही वाढवलेत की गोळा केलेत. गोळा केले म्हणाला तर मोत्याचं गणित आणखी कितीही छान असलं तरी माझं मत "नको" आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने ही मोतीशेती आपल्या शिंपल्यांवर बसवली, तिथे प्रशिक्षण मिळतं. तिकडे लिही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मोतीशेती बसत होती, आता काय आहे याची मत्स्य विभागाच्या कार्यालयात चौकशी कर. कंपनीपेक्षा तिथे वेळ जास्त जाईल, जाऊ दे.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ही माझ्या मते तुझ्याकडे सगळ्यात कच्ची आहे. तुझं तळं डाळिंबाच्या बागेला लागून. तेल्या रोगासाठी तू बोर्डो मिश्रण फवारतोस, म्हणजे मोरचूद आणि चुना. शेवाळ वाढलं की तळ्यातही मोरचूदच टाकतोस, दादाने मला सांगितलं. मोरचुदातलं तांबं मृदुकाय प्राण्यांना थोडक्यातही मारतं. गंमत अशी की बहुतेक गोगलगाईंच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्याचंच असतं, म्हणून ते रक्त निळसर. पण रक्तातलं मोजकं तांबं आणि पाण्यातलं मोकळं तांबं यांत जीव आणि विष एवढा फरक. शिवाय शेवाळ मारून शिंपले कसे पोसणार? हिरवं पाणी हेच त्यांचं जेवण. तेव्हा एक तर बागेपासून लांब दुसरं तळं, नाही तर मोतीशेतीचं नाव काढू नकोस. तळं उजनीच्या फुगवट्यातून मोटरने भरणार असशील तर हेही लक्षात घे की मुळा-मुठेतून पुण्याचं सांडपाणी त्याच पाण्यात येतं. शिंपला पाणी गाळतो, आणि गाळताना जड धातू अंगात साठवतो. कुणी भाजी करू म्हणालं तर करू देऊ नकोस.

गोगलगाईंचं एक जाता जाता. कालव्याच्या फाट्याच्या कडेला चपट्या, गुंडाळलेल्या शंखाची जी गोगलगाय असते, ती चिरडली तर लाल रक्त येतं. तिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन आहे. ती आणि तिची शेजारीण लिम्निया, दोघी मिळून गुरांच्या बऱ्याच चपट्या कृमींना पोसतात. शेळ्या फाट्याच्या कडेच्या ओल्या गवतावर सोडू नकोस, एवढं पुरे.

बाजाराबद्दल एवढंच. जगातले गोड्या पाण्यातले बहुतेक मोती चीनमधून येतात. तिथे एका मोठ्या शिंपल्यात एका वेळी डझनावारी मोती धरतात. त्या भावाशी इंदापुरात बसून स्पर्धा करता येईल असं मला वाटत नाही. गणपतीच्या मोत्यांना गिऱ्हाईक मिळेलही, पण ते तुझं तू शोधायचं. "आम्हीच विकत घेऊ" म्हणणाऱ्याच्या करारात मोत्याचा दर्जा कोण ठरवणार ते कलम आधी वाच. दर्जा तेच ठरवणार असतील तर हमीला अर्थ नाही.

करायचंच असेल तर पहिलं वर्ष मोत्याविना कर. वीस-पंचवीस शिंपले, मत्स्यबीज वाढवणाऱ्या एखाद्या केंद्रातून, जाळीच्या पिशव्यांत. त्यांना चिरू नकोस. दर महिन्याला लांबी मोज, पाण्याचा सामू आणि कॅल्शियम तपासून घे, वैशाखात तळ्याचं पाणी हातभर खाली किती तापतं ते लिहून ठेव. उन्हाळा काढून त्यातले बहुतेक जगले आणि कडेला नवी, पातळ, हिरवट पट्टी दिसली, तर प्रावार कामाला आहे असं समज आणि मग भुवनेश्वरचं तिकीट काढ. मेले तर तुझे फार पैसे गेलेले नसतील.

पळसदेवहून आणशील ते शिंपले मला पाहायला पाठव, जात नक्की करून सांगते. साबणाने घासू नकोस, ब्रशही नको, साल निघून जाते. नुसत्या पाण्यात खळबळून सावलीत वाळव. उन्हात ठेवलेस तर साल तडकते आणि चुन्यालाही भेगा पडतात. वाळल्यावर कडेला थोडं गोडंतेल लाव आणि जोडी सुटू नये म्हणून दोरा बांध. कुठल्या दिवशी, कुठल्या काठावर सापडला याची चिठ्ठी प्रत्येकाच्या आत घालायला विसरू नकोस, पेनने नको, पेन्सिलने.

तुझी,
आत्या